शेवटच्या पंगतीचा मानकरी

चित्रपटाचा निर्माता म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते, हे मला पुरते ठाऊक आहे. पांढरे शुभ्र बूट, बोटांत चार अंगठ्या, ओठांत सिगार आणि दाराशी लांबलचक मोटार! हे चित्र रंगवले ते चित्रपटांनीच. म्हणजे निर्मात्याची ही टवाळी निर्मात्याच्याच पैशाने झाली. मीही निर्माता आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात जन्मलो, पायांत जन्मभर चपला घातल्या, आणि अंगठी म्हणाल तर एकच, लग्नात सासऱ्यांनी बोटात घातलेली. तीही मधली चार वर्षे घरात नव्हती. ती कुठे होती ते ओघाने येईलच.

लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की पाहुणे मोठ्या आदराने विचारतात, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय हो?" दिग्दर्शक काय करतो, कॅमेरामन काय करतो, गाणारी काय करते, हे सर्वांना कळते. निर्मात्याचे काम मात्र कुणाला दिसत नाही. शेवटी पाहुणेच उत्तर देऊन मोकळे होतात, "पैसे घालतात!" मी मान डोलावतो आणि जिलबीकडे वळतो. पण हे उत्तर अर्धेसुद्धा खरे नाही. निर्मात्याजवळ पैसे असतात असे कुणी सांगितले? पैसे दुसऱ्याचे असतात. जबाबदारी तेवढी त्याची असते.

तुम्हांला पटेल असा दाखला द्यायचा तर निर्माता म्हणजे वधूपिता. मांडव त्याचा, आचारी त्याचा, वाजंत्री त्याचे, रुसलेला जावई त्याचा आणि हरवलेली चप्पलही त्याचीच. फोटोत तो कडेला, अर्धा कापलेला असतो. सगळ्या पंगती उठल्या, भांडी घासायला गेली, की तो कोपऱ्यात बसून गार भात खातो. चित्रपटाच्या धंद्यात पैसा याच क्रमाने वाटला जातो. सगळे जेवून गेले आणि पातेल्यात काही उरले, तर ते निर्मात्याचे.

हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. पुण्यात प्रभात कंपनीच्या जागेवर चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था १९६० साली निघाली. पण मी तेव्हा पाटीवर बाराखडी गिरवीत होतो. माझी शाळा म्हणजे पत्र्याच्या पेट्या.

आमचे गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या अलीकडे. पौष पौर्णिमेला मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा भरे आणि तिथे तंबूचा सिनेमा येई. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, आणि मध्ये घरघरणारे एकच यंत्र. एकच असल्यामुळे रीळ बदलताना अंधार होई आणि तंबूभर शिट्ट्या घुमत. माझ्या बरोबरीची पोरे पडद्याकडे पाहत; मी बाहेर तिकिटे फाडणाऱ्या मालकाकडे पाहत असे. पावसाची भुरभुर सुरू झाली, तंबूत मोजून अकरा माणसे बसली होती, अशा एका रात्री त्याने सगळा खेळ शेवटपर्यंत दाखवला. मी म्हटले, "मालक, अकराच तर माणसं हायती." तो म्हणाला, "पैसं घेतल्यात न्हवं त्येंच्याकडनं?" धंद्याचे पहिले सूत्र मला तिथे मिळाले.

मॅट्रिक झाल्यावर सोलापुरात एका वितरकाच्या कचेरीत चिकटलो. पद होते 'प्रतिनिधी', पण सगळे 'पेटीवाला' म्हणत. चौदा-पंधरा रिळांचा चित्रपट पत्र्याच्या पेट्यांत भरून गावोगाव न्यायचा. कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट तेव्हा डुलतडुलत येडशी, तेर, ढोकी करीत जाई. आता ती लाइन रुंद झाली आणि धाराशिव शहरालाही तिने रेल्वे दिली. पण त्या काळी आम्ही पेट्या येडशीला उतरवायच्या आणि तिथून मोटारीच्या टपावर टाकून पुढे न्यायच्या. चित्रपटगृहात पोचलो की तिकिटांच्या पुस्तकांचे पहिले आकडे टिपून घ्यायचे, खेळ सुटला की शेवटचे टिपायचे, डोकी मोजायची आणि रोजची वसुली कचेरीला कळवायची. मालक चहा पाजून आकडा कमी सांगणार, करमणूक कराचा अधिकारी चहा पिऊन आकडा जास्त मागणार, आणि दोघांच्या मध्ये वीस वर्षांचा मी!

याच नोकरीत मला एक गंमत कळली. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी गेले. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. पण हिंदी चित्रपटांच्या व्यापारात देशाचे जे इलाखे पाडलेले आहेत, त्यांत मराठवाडा अजून 'निजाम' इलाख्यातच मोडतो, हैदराबादबरोबर! सोलापूरची हद्द संपली आणि तामलवाडी लागली की हिंदी चित्रपटाचा मालक बदलतो. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या दोन गावांत एकच चित्रपट निराळ्या माणसाने विकत घेतलेला असतो. नकाशे दोन असतात, एक सरकारचा आणि एक तिकीट-खिडकीचा. निर्मात्याला दोन्ही वाचता यावे लागतात.

पेट्यांबरोबर फिरताना जुन्या माणसांच्या तोंडून दादासाहेब फाळक्यांच्या गोष्टी ऐकल्या. आपण त्यांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, हार घालतो. पण ते देशातले पहिले कसलेले निर्माते होते हे विसरतो. १९१२ साली विम्याच्या पॉलिशी तारण ठेवून ते विलायतेला गेले, यंत्रसामग्री घेऊन आले. आता भांडवल द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत रोज थोडी थोडी फिल्म घेतली. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणात झालेली पाहून धनिकाचा विश्वास बसला. निर्मात्याची सगळी विद्या या एका वाटाण्यात आहे. जे अजून उगवलेले नाही, ते समोरच्याला दाखवायचे.

तेवढ्यानेही भागले नाही. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, दादरच्या घरात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री काळोखात फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे शाळेतली पोरेही सांगतील. पुढे १९२३ साली त्यांनी आमच्या तेरच्या गोरोबाकाकांवरही मूकपट काढला. एवढा पराक्रम करून हा माणूस १९४४ साली नाशिकला गेला तेव्हा फार काही गाठीला नव्हते. शेवटच्या पंगतीचे पहिले मानकरी तेच.

१९७६ साली मी कोल्हापूरला गेलो आणि निर्मितीच्या खात्यात शिरलो. कोल्हापूरचे पाणीच वेगळे! बाबूराव पेंटरांनी तिथे १९२५ साली 'सावकारी पाश' काढला, शेतकऱ्याची जमीन सावकार कशी गिळतो ते दाखवले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चौघांनी प्रभात कंपनी काढली, ती सीतारामपंत कुलकर्णी या सराफाच्या भांडवलावर. पाच भागीदारांत चार कलावंत आणि एक हिशेबाचा माणूस, हे प्रमाण मला फार आवडते. त्याच कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला, मुंबईत वर्षभराहून अधिक चालला आणि व्हेनिसपर्यंत जाऊन आला. आपण अभिनयाची वाखाणणी करतो, ती योग्यच आहे. पण त्या चित्रपटाच्या रोजच्या कामाला दोर, चुना, लाकूड, बैल आणि माणसे वेळेवर कुणी पुरवली असतील, याचा विचार माझ्यासारख्याच्याच मनात येणार.

माझे पहिले काम होते सकाळी साडेचारला चूल पेटली की नाही ते पाहणे. तुम्ही म्हणाल, चुलीचा आणि कलेचा संबंध काय? फार जवळचा. सातला गाडी सुटायची असेल तर सहाला नाश्ता हवा. नाश्ता अर्धा तास लांबला की पहिला शॉट तासभर लांबतो, कारण तोवर ऊन डोक्यावर येते आणि कॅमेरामन मान हलवतो. संध्याकाळी एक प्रसंग राहून जातो. तो राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी नटीची तारीख वाढते, आणि तिची पुढली तारीख दुसऱ्याने घेतलेली असते! अशा रीतीने एका ओल्या लाकडापायी चित्रपट पंधरा दिवस पुढे जाऊ शकतो. हे ज्याला आधी दिसते त्याला निर्मितीचे काम जमले.

त्या काळी फिल्म होती. चारशे फुटांचा डबा म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटे. दिग्दर्शक "आणखी एकदा" म्हणाला की सगळे नटाकडे पाहत, मी फुटांकडे. एकदा एका विनोदी नटाला हसू आवरेना आणि सात वेळा तोच शॉट घ्यावा लागला. युनिट पोट धरून हसत होते. मी मात्र मनातल्या मनात भागाकार करीत होतो.

पेटीवाला, मग साहाय्यक, मग व्यवस्थापक, मग मुंबईत कार्यकारी निर्माता, असा पंचवीस वर्षांचा जिना चढलो. दुसऱ्यांच्या सोळा चित्रपटांचे मांडव घातले. या वर्षांत पाहिले की मराठी निर्माता सहसा एकाच चित्रपटाचा धनी असतो. पहिला काढतो, हात पोळतो, गावी जातो. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने १९७५ साली करपरताव्याची योजना आणली. पहिल्या चित्रपटावरचा करमणूक कर दुसरा काढणाऱ्याला परत मिळू लागला. काहींनी त्या पैशाच्या आशेने वाटेल ते काढले, हेही खरे. पण कित्येकांच्या चुली त्या योजनेने पेटत्या ठेवल्या. दादा कोंडक्यांसारखा माणूस विरळा. १९७१ साली 'सोंगाड्या' काढताना त्यांनी रंगभूमीवर मिळवलेले पणाला लावले. पण वगनाट्याच्या हजारभर प्रयोगांत प्रेक्षक कुठे हसतो हे त्यांनी स्वतः मोजलेले होते. त्याला मी जुगार म्हणणार नाही.

आता माझ्या चित्रपटाविषयी. त्याचे नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना ओळखू येईल, आणि ते एवढे थोडे आहेत की पुढच्या दिवाळीला त्यांना फराळाला बोलावता येईल. पोतराजाच्या मुलाची गोष्ट होती. बापाचा आसूड खांद्यावर घ्यायचा की शाळेचे दप्तर, एवढीच. गोष्ट आमच्या भागातली, म्हणून २००३ च्या उन्हाळ्यात चित्रीकरण आमच्याच गावात ठरवले. नळदुर्गच्या किल्ल्यात एक दिवसाचे काम होते, त्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढली. नाव कोल्हापूरच्या चित्रपट महामंडळात नोंदवले. अठ्ठावीस दिवस, बासष्ट माणसे. पैसा मुंबईच्या एका सावकाराचा, चार हप्त्यांत. चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा सरकारने १९९८ सालीच जाहीर केला होता, पण बँकेच्या दारात मराठी निर्माता उभा राहिला की शिपाईसुद्धा विचारी, "तारण काय?"

पाऊस आदल्या वर्षी दगा देऊन गेलेला. गावात टँकर येत होता. बासष्ट माणसांना अंघोळीला पाणी द्यायचे म्हणजे गावाच्या तोंडचे काढायचे. माझे थोरले बंधू, अण्णा, यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "बापू, तुजा टँकर तू सोलापूरहून आण. गावच्या टँकरला तुज्या मान्साचा हात लागता कामा न्हाई." मी अंदाजपत्रकात पाण्याचे स्वतंत्र पान घातले. आयुष्यात प्रथमच पाण्याचा खर्च नटाच्या मानधनापेक्षा जास्त झालेला पाहिला.

पंचविसाव्या दिवशी चौथा हप्ता आला नाही. मुंबईला फोन लावला. उत्तर मिळाले, "बघू." या धंद्यात 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होतो. तीन दिवसांचे काम बाकी. माणसांची शेवटच्या आठवड्याची मजुरी बाकी. गावातल्या दहा-बारा घरांचे देणे बाकी: कुणाची बैलजोडी घेतली होती, कुणाचा वाडा, कुणाकडून रोज शंभर भाकऱ्या. काम थांबवून सगळ्यांना गाडीत बसवता आले असते. असे करणारे मी पाहिले होते. रात्रीतून निर्माता नाहीसा होतो आणि सकाळी स्पॉटबॉय एस.टी.च्या भाड्यासाठी हात पसरतात.

त्या रात्री सौ. गावातच होती. मी विषय काढला, जरा फाळक्यांच्या वळणाने. सरस्वतीबाईंपर्यंत पोचलो मात्र, ती म्हणाली, "अहो, ती गोष्ट मला ठाऊक आहे. माझ्या पाटल्या सुमीच्या लग्नाच्या आहेत. त्या मी देणार नाही. त्यांना कुणी दागिने देताना 'परत केव्हा' असं विचारलं नसेल. मी विचारते आहे." मी गप्प बसलो. तिचे बरोबर होते. ती पुढे म्हणाली, "तुमच्या वाट्याची जमीन आहे ना? मग बायकोच्या अंगावर कशाला येता?" आणि थोड्या वेळाने हळूच, "अंगठी मात्र तुमची आहे. तिचा तुम्हांला अधिकार आहे."

अंगठी सकाळीच नळदुर्गला गेली. तिने एका दिवसाचे डिझेल दिले.

जमिनीचे मात्र अण्णांच्या कानावर घालणे भाग होते. वडिलांच्या माघारी सात एकरांत माझे साडेतीन. कसत होते अण्णा. वाटणी कागदावर झालेली, बांध अजून पडलेला नव्हता. ते गोठ्यात बैलांना पेंड घालीत होते. मी म्हटले, "अण्णा, माझा तुकडा विकावा म्हणतो." त्यांनी वर पाहिले नाही. विचारले, "किती मान्सं हायती?" मी म्हटले, "बासष्ट." "आन् गावातली?" "बारा घरं." बराच वेळ बैलांच्या दाव्यांशी चाळा चालला होता. मग म्हणाले, "तू ममईला जाशील. मला हितंच ऱ्हायाचं हाय. त्यो भाकरीवाल्या म्हातारीचा पैसा बुडला तर मी पारावर कसा बसू? इक. पर भाईरच्याला नगं."

शेजारच्या बांधावरच्या गृहस्थाने अडीच एकर घेतले. भाव पडेल तोच मिळाला. दुष्काळात जमीन विकणाऱ्याला दुसरा भाव नसतो. आगाऊ रक्कम हाती पडली. मी यादी घेऊन बसलो. पहिले नाव भाकरीवाल्या आजींचे, मग बैलजोडीचा मालक, मग स्पॉटबॉय, दिव्यांची माणसे, रंगभूषा, साहाय्यक. दिग्दर्शक शेवटून दुसरा. शेवटचे नाव कुणाचे ते सांगायला नको. चित्रपट अठ्ठाविसाव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे पुरा झाला. अण्णांच्या गोठ्यातले खिल्लारी बैल दोन प्रसंगांत होते. त्यांचे भाडे मी देऊ केले, ते त्यांनी मोजून घेतले. मला फार बरे वाटले. फुकट दिले असते तर मला ते जड गेले असते.

चित्रपट काढणे हा निम्मा डोंगर. विकणे हा उरलेला. सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळाले, २००४ च्या सुरुवातीला तो लागला आणि तीन आठवड्यांत उतरला. लोकांना वाटते की तिकिटाचे पैसे निर्मात्याच्या खिशात जातात. जरा हिशेब पाहा. कर वजा जाता शंभर रुपये आले असे धरा. त्यांतला मोठा वाटा चित्रपटगृहाचा. २००९ साली निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सवाल्यांशी दोन महिने असहकार केला, तेव्हा कुठे पहिल्या आठवड्याला निम्मे, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे तीस टक्के असा निर्माता-वितरकांचा वाटा ठरला. म्हणजे चित्रपट जितका जास्त चालतो तितका आपला हिस्सा कमी! त्या वाट्यातून वितरकाचे कमिशन जाते, प्रतींचा खर्च जातो, भिंतीवरच्या कागदांचा आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च जातो, सावकाराचे व्याज जाते. मग मुद्दल. मग, काही असलेच तर, तुमचा निर्माता.

त्याच वर्षी 'श्वास'ला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला तो पहिला मान मिळाल्यानंतर पन्नास वर्षांनी मराठीकडे तो पुन्हा आला, आणि तोही मित्रमंडळींनी पदरमोड करून उभ्या केलेल्या चित्रपटामुळे. आपल्या चित्रपटाला ऑस्करच्या दारापर्यंत नेता यावे म्हणून शाळेच्या पोरांपासून सगळ्यांनी वर्गणी काढली, ते तुम्हांला आठवत असेल. त्या वाऱ्यात मराठी चित्रपटांकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली, वाहिन्या मराठी चित्रपट विकत घेऊ लागल्या. २००७ साली माझ्याही चित्रपटाचे हक्क एका वाहिनीने घेतले. त्या पैशाने सावकार फिटला, अंगठी सुटली आणि सुमीच्या लग्नाला पाटल्यांना जोड मिळाली. जमीन मात्र परत आली नाही. एव्हाना सोलापूरकडच्या रस्त्यालगतचे भाव असे चढले होते की अडीच एकरांच्या किमतीत अर्धाही आला नसता.

कुणी विचारतात, वाईट वाटत नाही का? बांधावरून जाताना वाटते. दुसऱ्याची सोयाबीन डोलताना दिसते तेव्हा तर वाटतेच. पण पारावर अण्णा बसतात, मीही बसतो, आणि भाकरीवाल्या आजी हयात होत्या तोवर त्यांनी मला प्रत्येक खेपेस विचारले, "पुन्ना कवा काडतोस रे शिनेमा?" देणे राहिले असते तर हा प्रश्न त्यांच्या तोंडी आला नसता.

अण्णांनी चित्रपट धाराशिवला जाऊन पाहिला, धोतर नेसून, एकटेच, तिकीट काढून. रात्री घरी आले. मी जेवायचा थांबलो होतो. हात धुऊन पानावर बसले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "बैलं झकास दिसली." त्यापलीकडे आजतागायत त्यांनी एक अक्षर काढलेले नाही. परीक्षणे पुष्कळ आली, त्यांतले एकही मी इतके जपून ठेवलेले नाही.

आता सगळेच पालटले. पत्र्याच्या पेट्या गेल्या, चित्रपट उपग्रहावरून उतरतो. फूट मोजणारा मी आता निरुपयोगी. कार्डावर हवे तितके घ्या आणि पुसा. सरकार दर्जा ठरवून अनुदान देते. बैलजोडी दाखवायची तर प्राणी कल्याण मंडळाचे पत्र काढावे लागते, ते योग्यच आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी स्वतःची जमीन विकल्याचे वाचले तेव्हा मी ते पान सौ.पुढे ठेवले. तिने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "म्हणजे हा रोग सगळीकडेच आहे." ख्वाडाला राष्ट्रीय पुरस्कारात दाद मिळाली, 'सैराट'ने २०१६ साली मराठी चित्रपटाच्या कमाईची कल्पनाच बदलून टाकली, आणि ते काढणारे नागराज मंजुळे आमच्या शेजारच्याच करमाळा तालुक्यातले. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातली पोरेपोरी मला भेटायला येऊ लागली आहेत. पूर्वी सगळ्यांना नट व्हायचे असे. आता दहांत एखाद्याला निर्माता व्हायचे असते.

ती आली की गोष्ट सांगू लागतात. मी हात वर करतो. म्हणतो, गोष्ट राहू दे, ती चांगलीच असणार. मला एवढे सांगा: माणसे किती, दिवस किती, जेवण कोण घालणार आणि शेवटच्या तीन दिवसांची मजुरी कुठे ठेवली आहे? बहुतेक पोरे गोंधळतात. एकजण रागावून म्हणाला, "सर, आम्ही आर्टिस्ट आहोत." मी त्याला आणखी एक कप चहा दिला. कलावंत तर तो असेलच. पण बासष्ट माणसांनी सकाळी घर सोडून त्याच्या शब्दावर यायचे आहे, आणि शब्द पाळणे हे खात्यावरचे काम नव्हे, तीच निर्मात्याची कला.

गेल्या उन्हाळ्यात भूमकडची एक मुलगी आली. कॉलेजात शिकते, घरची शेती आहे, लघुपट काढायचा आहे. मी नेहमीचे प्रश्न विचारले. तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. अठरा माणसे, नऊ दिवस. जेवण तिच्या मावशीकडे. ज्वारी घरची, तेल आणि भाजी विकत. पाण्याचे पान वेगळे. शेवटच्या तीन दिवसांचे पैसे पोस्टाच्या खात्यात, पासबुक आईच्या ट्रंकेत, आणि किल्ली आजीच्या कनवटीला! "म्हणजे मीच मागितले तरी मिळायचे नाहीत," ती म्हणाली.

तिची गोष्ट काय आहे, ते मी अजून विचारलेले नाही. सौ.ने स्वयंपाकघरातून सगळे ऐकले असावे, कारण त्या दिवशी चहा आलाच नाही. दोन पाने वाढलेली आली, एक त्या मुलीचे आणि एक माझे, आणि तीही गरम.